मोटारीची सांधेदुखी

वय झाले की माणसाचे सांधे बोलू लागतात, हे आपण घरोघर पाहतो. मोटारीचेही तसेच असते. फरक इतकाच की, माणूस कण्हला तर चार लोक विचारपूस करतात आणि मोटार कण्हली तर मालक काचा वर करून रेडिओ मोठा करतो! मी मराठीचा अध्यापक. संधी आणि समास शिकविणे हा माझा नित्याचा उद्योग. पण गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या बारा वर्षांच्या गाडीने मला जो संधिविचार शिकविला, तो कोणत्याही व्याकरणात नाही.

मोटारीचे पुढचे चाक गाडीला घट्ट जखडून भागत नाही. ते खड्ड्यात उतरले पाहिजे, उंचवट्यावर चढले पाहिजे आणि शिवाय डावी-उजवीकडे वळलेही पाहिजे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची यावरची सुटसुटीत रचना १९५० साली इंग्लंडातील फोर्ड कॉन्सल गाडीत आली. आपल्याकडे १९८३ साली रस्त्यावर उतरलेल्या मारुती ८०० लाही पुढे तीच होती. वर स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बर यांचा उभा खांब आणि खाली चाकाला गाडीशी जोडणारा आडवा लोखंडी हात. गॅरेजात त्याला लोअर आर्म म्हणतात.

या हाताच्या आतल्या टोकाला बुश असतो. लोखंडाच्या दोन नळ्या, एकीच्या पोटात दुसरी, आणि मध्ये रबर. हात वर-खाली झाला की हे रबर पिळते आणि पुन्हा सुटते. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत बसविलेला पोलादी गोळा. थेट आपल्या खुब्याचा सांधा! त्यात ग्रीस आणि वर रबरी टोपी. ही टोपी फाटली की पाणी आणि धूळ आत शिरते, ग्रीस निघून जाते, आणि गोळा वाटीत खुळखुळू लागतो.

माझी गाडी स्पीडब्रेकरवर ‘कट्‌’ म्हणू लागली, ब्रेक दाबताच एका बाजूला ओढू लागली, आणि पुढच्या एका टायरची आतली कडच तेवढी झिजलेली दिसली. कोल्हापुरातल्या एका गॅरेजात ‘अलाइनमेंट करून घ्या, बाकी काही नाही’ असे सांगण्यात आले. पण चारच दिवसांनी आईला आणि मुलांना घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीला जायचे होते. म्हणून मी गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी चाक जॅकवर उचलले, खाली भक्कम घोडी लावली, आणि चाक वर-खाली धरून हलविले. चाक डुगडुगले. मग मला म्हणाले, “सर, आत बसा आणि ब्रेक दाबून धरा.” मी दाबला. चाक तरीही डुगडुगलेच. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबते तर दोष बेअरिंगचा असता. आता संशय खालच्या सांध्यावर आला. पहार घालून पाहताच गोळा वाटीतून उचललेला स्पष्ट दिसला.

“चार दिवसांनी घाटातून जायचंय, मामा. आल्यावर बदललं तर?”

“सर, बुश गेला तर गाडी कुरकुरतीया, टायर खातीया. ह्यो गोळा वाटीतनं सुटला तर चाक आडवं पडतंय. मग स्टिअरिंग हातात असून उपेग न्हाई. किल्ली मिळणार न्हाई बघा!”

वादाचा प्रश्नच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून सारे काम पाहिले. अनेक लहान गाड्यांत बॉल जॉइंट हाताशीच जोडून येतो, त्यामुळे सबंध हातच बदलतात. तसा तो बदलला. दुसऱ्या बाजूचा हात धड होता, तेवढा त्याचा बुश मात्र चिरला होता. जुना बुश प्रेसवर दाबून काढला. नवा बसविताना मामांनी त्याला साबणाचे पाणी लावले. तेल का नाही, असे विचारता म्हणाले, “तेलानं रबर फुगतंय, सर.”

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र शेवटी घडली. बुशाचे बोल्ट त्यांनी आधी नुसते हाताने लावले, गाडी चाकांवर उतरविली, दोनदा दाबून झुलविली, आणि मगच ते आवळले. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते. गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहते, आणि नवा बुशही लवकरच फाटतो. नवा भाग लवकर गेला की आपण मालाला शिव्या देतो. पुष्कळदा दोष आवळण्याच्या वेळेचा असतो! अलाइनमेंटही केली, पण ती यानंतर. सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही.

ठरल्या दिवशी आम्ही घाट उतरलो. आई मागे बसून वळणे मोजत होती. गाडीने ‘कट्‌’ म्हटले नाही.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आपणही गावी निघाला असाल. निघण्यापूर्वी एकदा रेडिओ बंद करून गाडी स्पीडब्रेकरवरून हळूच न्या आणि कान द्या. पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. शंका आली, तर मिस्त्रींना चाक उचलून हलवायला सांगा. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात एक कप चहाही होतो.