वाद्याचे बोलणे : टेडेस्की ट्रक्स बँडची पहिली ध्वनिमुद्रिका

अमेरिकेतील टेडेस्की ट्रक्स बँड या वाद्यवृंदाची पहिली स्टुडिओ-ध्वनिमुद्रिका ‘रेव्हलेटर’ २०११ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षी तिला सर्वोत्कृष्ट ब्लूज ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ब्लूज व सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दोन गानपरंपरांवर ती उभी आहे. तथापि तिच्यातील एका गीतात सरोद वाजते. अशा ठिकाणी ‘मिश्रण’, ‘संगम’, ‘पूर्वपश्चिमेचे मीलन’ हे शब्द लेखणीवर सहज येतात. त्यांनी काहीच स्पष्ट होत नाही, ही त्यांची मुख्य अडचण होय. दोन भाषांचा संपर्क आला म्हणजे काय उसने घेतले जाते आणि काय सहसा घेतले जात नाही, याचा भाषाभ्यासात बराच विचार झाला आहे. तोच प्रश्न या ध्वनिमुद्रिकेच्या संदर्भात विचारून पाहण्यासारखा आहे.

प्रथम ब्लूजच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. ब्लूजचे रूढ कडवे बारा खंडांचे, म्हणजे चार-चार खंडांच्या तीन ओळींचे असते. पहिली ओळ गायली जाते, तीच पुन्हा गायली जाते आणि तिसरी तिला उत्तर देते. परंतु प्रत्येक ओळीचे शब्द चार खंडांपैकी साधारण निम्म्या भागातच संपतात. उरलेली जागा वाद्याची असते. पोवाड्यातील झिलकऱ्यांची येथे आठवण होईल. पण झिलकरी शाहिराचीच ओळ उचलून धरतात. ब्लूजमध्ये वाद्य गायकाच्या बोलण्यावर स्वतःचे काही बोलते. ज्या वाद्याला बोलावयाचे आहे त्याचा स्वर मानवी कंठासारखा चढता-उतरता, वळणारा असावा लागतो. डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मिसिसिपी राज्यातील टटवायलर स्थानकावर भेटलेल्या एका वादकाचे वर्णन केले आहे. तो गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत होता. पुढे सुरीच्या जागी बाटलीची मान, धातूची वा काचेची नळी आली. या वादनप्रकारास ‘स्लाइड’ म्हणतात.

स्लाइडमुळे नेमके काय साधते? गिटारच्या पट्टीवरील पडदे सप्तकाचे बारा समान भाग करतात. कोमल गंधार ३०० सेंटवर आणि शुद्ध गंधार ४०० सेंटवर बसतो. त्यांच्या मधल्या स्वराला पडद्यांच्या हिशेबात स्थान नाही. ब्लूज गायकाचा गंधार मात्र पुष्कळदा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, आणि तोही स्थिर न राहता हलता असतो. मराठीत ‘चाक’ आणि ‘चंद्र’ या शब्दांतील आरंभीचे उच्चार वेगळे असूनही लिपी त्यांना एकच अक्षर देते. म्हणून उच्चारांतील भेद नाहीसा होत नाही. पियानोच्या पट्ट्या आणि गिटारचे पडदे ही अशीच एक लिपी आहे. स्लाइडची नळी तार पडद्यावर दाबीत नाही, केवळ तिला स्पर्श करते. त्यामुळे वादक लिपी सोडून उच्चाराकडे जातो. अर्थात पडद्याचा आधार सुटल्यावर सुरेलपणाची सर्व जबाबदारी कानावर येते. स्लाइड वाजविणारे पुष्कळ असून सुरेल वाजविणारे थोडे, याचे कारण हेच.

१९७९ साली फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे जन्मलेला डेरेक ट्रक्स हा त्या थोड्यांपैकी एक होय. ऑलमन ब्रदर्स बँडचे तबलजी म्हणावे असे ड्रमवादक बुच ट्रक्स हे त्याचे काका. १९९९ पासून तो स्वतःही त्या वृंदात होता. नखी न वापरता तो बोटांनीच तारा छेडतो, आणि गिटार अशी जुळवितो की मोकळ्या तारा छेडताच ‘ई’ स्वरावरील पूर्ण स्वरसंघ उमटावा. त्याची पत्नी सुझन टेडेस्की ही बॉस्टनची. बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेली, ब्लूज आणि गॉस्पेल गाणारी. दोघांचेही स्वतंत्र वृंद होते. ते बाजूस ठेवून २०१० साली त्यांनी अकरा जणांचा एकच वृंद उभारला. त्यात दोन ड्रमवादक, तीन फुंकवाद्ये, दोन सहगायक आणि कोफी व ओटील हे बरब्रिज बंधू होते. ध्वनिमुद्रण जॅक्सनव्हिल येथील त्यांच्या घरच्या स्टुडिओत झाले. निर्मिती ट्रक्स व जिम स्कॉट यांची. या स्टुडिओचे नावच ‘स्वॉम्प रागा’ असे आहे.

जुन्या गीतांच्या पुनरुच्चारावर जगणाऱ्या या क्षेत्रात पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी नवी गीते रचणे हा धोका होता, आणि तो या वृंदाने पत्करला. ‘मिडनाइट इन हार्लेम’ हे गीत त्यांतील सर्वांत उत्तम. ते माइक मॅटिसन व ट्रक्स यांचे. मॅटिसन हा ट्रक्सच्या पूर्वीच्या वृंदाचा मुख्य गायक. येथे तो आपले गीत टेडेस्कीस देऊन स्वतः मागे सहगायनास उभा राहतो. टेडेस्की आवाज चढवीत नाही. शब्द संपतात तेथे गिटार सुरू होते, आणि तिचे वाक्य गाण्याच्या वाक्याइतकेच लांब, श्वासापाशी तुटणारे असते. बारा खंडांचे कडवे येथे नाही. तरी वाद्याने बोलण्याची ती जुनी जागा शाबूत आहे. इतरत्र फुंकवाद्यांचा थाट क्वचित अधिक होतो आणि ‘श्रिम्प अँड ग्रिट्स’ हा मधला तुकडा न घेता चालला असता.

‘दीज वॉल्स’ या गीतात अलम खाँ यांची सरोद आहे. ते अली अकबर खाँ यांचे पुत्र. अली अकबर खाँ यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियात संगीत महाविद्यालय स्थापिले. ट्रक्सचा त्या महाविद्यालयाशी संबंध आला होता. केवळ सरोदचा नाद गीतात आणणे हे भाषेतील उसन्या शब्दासारखे आहे. शब्द सहज येतो, आणि तितक्याच सहज गळून पडतो. वाक्यरचना अशी येत नाही. घेणाऱ्या भाषेत तिच्याशी जुळणारे काही आधीच असेल तर तिला सहज जागा मिळते. सरोदच्या पट्टीवर पडदे नसतात. धातूच्या गुळगुळीत पत्र्यावर नख सरकत जाते आणि मींड निघते. मिसिसिपीतील सुरीने आणि सरोदच्या नखाने स्वतंत्रपणे एकाच गरजेचे उत्तर शोधले होते. म्हणूनच ‘दीज वॉल्स’मधील सरोद उपरी वाटत नाही. ट्रक्सची गिटारही या गीतात सरोदची नक्कल करीत नाही, तिला तशी आवश्यकताच नाही.

याच घराण्यात हा व्यवहार उलट दिशेनेही झाला होता. गिटारवर हिंदुस्थानी राग वाजविणारे ब्रिजभूषण काबरा हे अली अकबर खाँ यांचेच शिष्य. त्यांनी हवाईयन पद्धतीची, दांडीने वाजणारी गिटार घेतली आणि तिच्यावर आलाप मांडला. मात्र काबरा रागाचे व्याकरण पाळतात. ट्रक्स ते पाळीत नाही, आणि ‘रेव्हलेटर’मध्ये राग शोधणाऱ्यास तो सापडणार नाही. वादी-संवादीचा विचार येथे नाही, पायाखाली स्वरसंघ सतत बदलत असतो. साम्य आहे ते स्वर उच्चारण्याच्या रीतीत. पुढे २०१२ साली निघालेल्या ‘एव्हरीबडीज टॉकिन’ या प्रत्यक्ष मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत ‘मिडनाइट इन हार्लेम’पूर्वी एक प्रास्ताविक वाजविले आहे. त्यालाही ‘स्वॉम्प रागा’ हेच नाव दिले आहे.