झाकलेल्या 32 मिलिमीटरचा हिशेब

न्यूझीलंडमधल्या लाकडी घराच्या बाहेरच्या अंगाला आडव्या फळ्या ठोकलेल्या असतात. त्यांना वेदरबोर्ड म्हणतात. त्यातली बेव्हल-बॅक नावाची फळी वरच्या कडेला पातळ आणि खालच्या कडेला जाड असते. तिची एक नेहमीची रुंदी 142 मिलिमीटर. प्रत्येक फळी तिच्या खालच्या फळीवर किमान 32 मिलिमीटर चढवून बसवायची, असा तिथला नियम. म्हणजे भिंतीवर दिसतात जेमतेम 110. बाकीचं लाकूड पैसे मोजून आणायचं, प्रायमर लावायचा आणि कायमचं झाकून टाकायचं. पाऊस थोपवते ती हीच झाकलेली पट्टी, आणि नवख्याचा हिशेब बुडवते तीही हीच.

लाकडाचा हा आग्रह तिथे हौसेपोटी आलेला नाही. 1848 आणि 1855 च्या भूकंपांत वेलिंग्टनमधली विटांची बांधकामं ढासळली आणि लोक लाकडाकडे वळले. 1876 मध्ये तिथे सरकारी कचेऱ्यांची चार मजली इमारत उभी राहिली, वास्तुविशारद विल्यम क्लेटन. ती कौरी लाकडाची आहे, पण फळ्या अशा घडवल्या की लांबून दगडी वाटावी. सरकारला रुबाब दगडाचा हवा होता आणि खर्च लाकडाचाच परवडत होता! आज तिथे विद्यापीठाचा कायदा विभाग आहे. ऑकलंडच्या जुन्या बैठ्या घरांनाही कौरीच लागली, आणि त्या भुकेत कौरीची जंगलं संपत गेली. आताच्या फळ्या बहुतेक रेडिएटा पाइनच्या. हे मूळचं कॅलिफोर्नियाचं झाड. ते भराभर वाढतं आणि भराभर कुजतंही, म्हणून त्याला औषध मारल्याशिवाय बाहेर लावत नाहीत.

आता 9 मीटर लांब आणि 2.7 मीटर उंच अशी एक भिंत घेऊ. क्षेत्रफळ 24.3 चौरस मीटर. नवखा माणूस याला फळीच्या रुंदीने, म्हणजे 0.142 ने भागतो आणि 171 मीटर फळी मागवतो. 19 ओळी लागतात आणि माल संपतो. भिंतीचा वरचा सुमारे दोन फुटांचा पट्टा उघडाच राहतो.

जाणता मिस्त्री क्षेत्रफळाच्या वाटेला जात नाही, तो ओळी मोजतो. पहिली फळी पूर्ण 142 ची. उरलेल्या 2558 मिलिमीटरमध्ये 110 च्या किती ओळी बसतात? 23 आणि थोडं वर. म्हणजे 24, आणि पहिली धरून 25. गुणिले 9 मीटर, झाले 225. नवख्याच्या आकड्याहून 54 मीटर जास्त.

पण 25 वी ओळ पुरती बसत नाही, तिचा पावच हिस्सा लागतो. मग छताखाली चिंचोळी पट्टी कापून लावायची का? चांगला कारागीर तसं करत नाही. तो 2558 ला 24 ने भागतो, 106.6 येतात, आणि प्रत्येक ओळ तेवढ्यावर बसवतो. फळीवर चढलेला भाग, म्हणजे लॅप, 32 ऐवजी 35 च्या वर जातो. लॅप वाढवायला मुभा आहे, कमी करायला नाही. हे माप तो एका सरळ काठीवर खुणा करून घेतो आणि तीच काठी घराच्या चारही बाजूंना लावतो. तिला स्टोरी रॉड म्हणतात. खिडकीच्या वरच्या-खालच्या कडा या खुणांशी जुळल्या तर काम देखणं दिसतं. त्या जुळवण्यासाठी एखादी ओळ वाढली तर वाढू द्यावी. माझ्या मते एस्टिमेट या काठीवरून काढावं, नकाशावरून नव्हे.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. फळ्या समजा 5.4 मीटर लांबीच्या मिळाल्या. भिंत 9 मीटरची. पहिल्या ओळीत 5.4 आणि 3.6, उरला 1.8 चा तुकडा. दुसरी ओळ त्या तुकड्याने सुरू करायची: 1.8, मग अख्खी फळी, मग पुन्हा 1.8. आता उरला 3.6 चा. तिसरी ओळ त्याने सुरू करून 5.4 ने संपवायची. पाच फळ्यांत तीन ओळी, आणि तुकडा एकही उरला नाही. शिवाय हे सगळे आकडे 600 मिलिमीटरच्या पटीतले आहेत. आतल्या लाकडी सांगाड्याचे उभे खांब, म्हणजे स्टड, 600 वर असतील तर प्रत्येक जोड नेमका स्टडवर येतो आणि लागोपाठच्या ओळींतले जोड एकाखाली एक येत नाहीत. 25 ओळींना 42 फळ्या झाल्या. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात एखादी फळी चिरलेली निघते, एखादी वाकडी, टोकं काटकोनात कापताना थोडं जातं. म्हणून साधारण 10 टक्के वर धरून 47 मागवाव्यात.

खिडक्या वजा कराव्यात का, यावर दोन बिल्डरांचं एकमत होणं कठीण. 1.8 बाय 1.2 मीटरची खिडकी हिशेबाने जवळजवळ 20 मीटर फळी वाचवते. पण वाचलेले तुकडे दुसरीकडे बसतील तरच ती बचत खरी. छोट्या खिडक्या सोडून द्याव्यात, मोठी काच असेल तर वजा करावी, हे मला पटतं. छताच्या उताराखालची त्रिकोणी भिंत त्याहून फसवी. तिचं क्षेत्रफळ आयताच्या निम्मं, नासाडी मात्र जास्त. डाव्या उताराला तिरकी कापलेली फळी उलटी करून उजवीकडे लावावी म्हटलं तर जाड कड वर जाते. ती खालीच हवी, म्हणून तुकडा पुन्हा कापावा लागतो.

खिळ्यांचं गणित सोपं आहे. 9 मीटरला 16 स्टड, प्रत्येक स्टडवर दर फळीला एक खिळा, एकूण 400. खिळा लॅपच्या जरा वर मारायचा, दोन्ही फळ्यांतून आरपार नाही. लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हाने आकसतं, आणि दोन्हीकडून जखडलेली फळी फाटते. खिळे किमान गॅल्व्हनाइज्ड हवेत.

1990 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये वेगळीच फॅशन आली. वरून सपाट गिलावा, छताला वळचण नाही, आत औषध न मारलेल्या पाइनचा सांगाडा. पाणी शिरलं, बाहेर पडायला वाट नव्हती, आणि हजारो घरं आतून कुजली. 2002 मध्ये अशा घरमालकांचे दावे सोडवायला स्वतंत्र कायदा करावा लागला. नंतरच्या नियमांनुसार, जास्त धोक्याच्या जागी फळी आणि सांगाडा यांच्यात 20 मिलिमीटरची पोकळी ठेवतात. आपल्या भिंतीला प्रत्येक स्टडवर एक उभी पट्टी धरली तर 43 मीटर पट्टी वाढते, आणि खिळेही लांब घ्यावे लागतात.

ऑकलंडमध्ये जुनं घर घेऊन दुरुस्ती काढणाऱ्यांत मराठी कुटुंबंही असतात. त्यांना एवढंच सांगणं: दुकानात जाऊन ‘सहा इंची फळी’ मागू नका. इंचांच्या काळातली फळी आणि आजची फळी यांची मापं जुळतीलच असं नाही. भिंतीवरच्या सलग दहा ओळींची उंची मोजा, दहाने भागा, आणि ते कव्हर, म्हणजे प्रत्येक फळीचा दिसणारा भाग, चिठ्ठीवर लिहून न्या. बिल्डरने कोटेशन दिलं, तर मीटरमागचा भाव विचारण्याआधी त्याने कव्हर किती धरलंय ते विचारा.