प्रोजेक्टर घेताय? आधी भिंत मोजा, मग डोळे तपासा

लातूर पॅटर्नच्या या पट्ट्यात अकरावी-बारावी म्हणजे ‘नीट’ किंवा ‘जेईई’ची तयारी. शिकवणीचे व्हिडिओ, सराव चाचण्या, नोट्स हे सगळे मोबाइलच्या सहा इंची काचेवर येते आणि अहमदपूर, चाकूर, लोहा भागातल्या घराघरांत आई-वडिलांचे एकच पालुपद सुरू असते, ‘मोबाइल जरा लांब धर.’ मग कोणीतरी तोडगा सुचवते. घरात संगणक आहेच, त्याला प्रोजेक्टर जोडू. दिवसा अभ्यास भिंतीवर, रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा.

विचार चुकीचा नाही. मात्र खोक्यावरचे आकडे वाचून घेतलेला प्रोजेक्टर डोळ्यांना आराम देण्याऐवजी ताण देऊ शकतो. खरेदीआधी मोजायची टेप, थोडे गणित आणि डोळ्यांची थोडी माहिती हाताशी असावी.

फायदा अंतराचा

जवळचे पाहताना डोळ्यातला एक छोटा स्नायू आकसतो आणि नेत्रभिंग फुगते. हे काम ‘डायऑप्टर’ या एककात मोजतात. ३० सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी डोळ्याला सुमारे ३.३ डायऑप्टरचे काम पडते, ६० सेंटिमीटरवरच्या संगणकासाठी १.७ चे आणि ३ मीटरवरच्या भिंतीसाठी अवघे ०.३ चे. दोन्ही डोळे नाकाकडे वळवून धरण्याचा ताणही तेवढाच उतरतो. तासन्तास मोबाइल पाहिल्यावर कपाळ जड होणे, नजर वर केली की क्षणभर धूसर दिसणे या तक्रारी भिंतीवरचे चित्र पाहताना कमी होतात त्या यामुळे.

जाहिरातीत कारण वेगळेच सांगितले जाते. प्रोजेक्टरचा प्रकाश परावर्तित असतो, म्हणून तो डोळ्यांना सुरक्षित, असा दावा असतो. प्रकाश काचेतून थेट आला की भिंतीवरून परतला, हे डोळ्यातल्या दृष्टिपटलाला कळत नाही. त्याला कळते ती प्रकाशाची तीव्रता. प्रोजेक्टर लावून मूल भिंतीपासून हातभर अंतरावर बसले तर फायदा संपला.

पहिले माप खोलीचे

आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय बारा फुटांची. लांब बाजू साधारण ३.६ मीटर. एवढ्या खोलीत ८० इंची चित्र पुरेसे होते. या चित्राची रुंदी सुमारे १.७७ मीटर आणि उंची १ मीटर भरते.

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो. चित्राच्या रुंदीला या आकड्याने गुणले की प्रोजेक्टर भिंतीपासून किती लांब ठेवायचा ते मिळते. थ्रो रेशो १.२ असेल तर ८० इंची चित्रासाठी सुमारे २.१ मीटर अंतर लागेल. ०.५ असेल तर ९० सेंटिमीटर पुरतील. हा हिशेब न करता आणलेला प्रोजेक्टर कधी दाराबाहेर ठेवावा लागतो, तर कधी चित्र भिंतीवर मावत नाही.

पाहणाऱ्याने भिंतीपासून अडीच ते तीन मीटरवर बसावे. चित्र सिनेमागृहासारखे उंचावर घेऊ नये. नजर वर ठेवावी लागली की पापण्या जास्त उघड्या राहतात आणि डोळा लवकर कोरडा पडतो. चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावा.

काळा रंग कुठून येतो?

प्रोजेक्टर काळा रंग भिंतीवर टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे जिथे प्रकाश पडला नाही तो भाग. त्यामुळे खोलीत आधीच असलेला उजेड हाच चित्रातला काळा ठरतो.

उजेड मोजायचे एकक ‘लक्स’. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत भिंतीवर साधारण १०० लक्स उजेड असेल असे धरू. खऱ्या ५०० लुमेनचा प्रोजेक्टर ८० इंची चित्रावर सुमारे २८० लक्स टाकतो. म्हणजे पांढऱ्या भागावर ३८० आणि काळ्यावर १००, फरक जेमतेम चौपट. चांगल्या छापील पुस्तकात शाई आणि कागद यांतला फरक याहून कितीतरी जास्त असतो. अशी फिकट अक्षरे वाचताना विद्यार्थी डोळे बारीक करतो, पुढे सरकतो आणि तासाभरात डोके धरून बसतो. दोष डोळ्यांचा नसतो, उजेडाचा असतो. प्रोजेक्टर खऱ्या २,००० लुमेनचा असेल तर हाच फरक बारापट होतो.

उलट अंधाऱ्या खोलीत फार कमी प्रकाश लागतो. सिनेमागृहातल्या पडद्याची प्रमाण मानलेली तेजस्विता ८० इंची चित्राला द्यायला २७० लुमेनसुद्धा पुरतात. तेव्हा फक्त रात्री सिनेमा पाहायचा असेल तर खऱ्या ३०० ते ५०० लुमेनचा प्रोजेक्टर चालतो. दिवा लावून वही लिहीत अभ्यास करायचा असेल तर २,००० च्या आसपास हवा. तोच प्रोजेक्टर रात्री अंधारात डोळे दिपवेल, म्हणून त्याला कमी प्रकाशाची सोय आहे ना, तेही पाहावे.

‘खऱ्या’ लुमेनवर एवढा भर देण्याचे कारण खोक्यावर सापडते. स्वस्त प्रोजेक्टरवर दहा-बारा हजार लुमेन सहज छापलेले असतात. चित्राच्या नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढण्याची प्रमाण पद्धत आहे. ‘एएनएसआय लुमेन’ किंवा ‘आयएसओ लुमेन’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तोच आकडा धरावा.

अक्षर वाचता आले पाहिजे

सिनेमात हलणारी चित्रे असतात, संगणकावर बारीक अक्षरे. येथे चित्रबिंदूंची संख्या महत्त्वाची ठरते. खोक्यावर ‘फोर-के सपोर्ट’ असते, पण त्याचा अर्थ एवढाच की तशी फाइल यंत्र स्वीकारते. प्रत्यक्ष भिंतीवर किती बिंदू पडतात, ते ‘नेटिव्ह रेझोल्यूशन’ या ओळीत असते. कित्येक स्वस्त यंत्रांत ते ८०० गुणिले ४८० च्या आसपास निघते.

निरोगी डोळा कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, एवढा तपशील वेगळा ओळखतो. दृष्टितपासणीचा तक्ता याच हिशेबावर आखलेला असतो. ८० इंची चित्रात आडवे १,९२० बिंदू असतील तर तीन मीटरवरून एक बिंदू जवळपास बरोबर एका कलेचा दिसतो. अक्षर गुळगुळीत दिसते. बिंदू ८०० च असतील तर प्रत्येक बिंदू अडीच कलांचा होतो, जोडाक्षरांचे कोपरे तुटतात आणि वेलांटी-अनुस्वार ओळखायला डोळ्यांना झगडावे लागते. संगणकासाठी १,९२० गुणिले १,०८० नेटिव्ह ही किमान अट समजावी.

तरीही अक्षराचा आकार वाढवावा लागतो. तीन मीटरवरून ६/६ दृष्टीचे सर्वांत लहान अक्षर सुमारे साडेचार मिलिमीटरचे असते, पण सतत वाचायला त्याच्या तिप्पट, म्हणजे १३ मिलिमीटर तरी उंची हवी. संगणकाच्या नेहमीच्या मांडणीत अक्षर भिंतीवर याच्या निम्मेच पडते. सेटिंगमध्ये अक्षरे दीडपट ते दुप्पट करावीत आणि पट्टी लावून भिंतीवर मोजून पाहावीत. संगणक जोडायला एचडीएमआय केबल वापरावी. जुन्या संगणकाला ती जागा आहे का, हे दुकानात जाण्याआधी तपासावे.

वीज, धूळ आणि दिवा

जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. तो काही हजार तास टिकतो आणि प्रचंड तापतो. बंद केल्यावरही पंखा फिरत राहून त्याला थंड करतो. वीज अचानक गेली की पंखा थांबतो आणि दिव्याचे आयुष्य घटते. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. असा प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर हवा. हा दिवा फुटला तर मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात आणि काचा झाडूने न ओढता ओल्या कागदाने टिपून घ्याव्यात, कारण त्यात पारा असतो. एलईडी किंवा लेझरच्या यंत्रांत पारा नसतो आणि त्यांचे आयुष्य साधारण वीस हजार तासांचे सांगितले जाते.

सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत घरात येणारी धूळ यंत्राची जाळी बुजवते. जाळी काढून साफ करता येते का, हेही विचारून घ्यावे.

भिंगाकडे पाहू नका

प्रोजेक्टरचा मोठा धोका भिंतीवर नसून भिंगात असतो. भिंतीवर पसरणारा सगळा प्रकाश तिथे रुपयाएवढ्या जागेतून बाहेर पडतो. बऱ्याच यंत्रांवर ‘आरजी २’ अशी खूण आणि किरणांकडे टक लावून पाहू नये अशी सूचना असते. मोठ्या माणसाची पापणी आपोआप मिटते, लहान मूल मात्र गंमत म्हणून पाहत राहू शकते. त्यात मुलांचे नेत्रभिंग अधिक पारदर्शक असल्याने निळा प्रकाश जास्त आत पोहोचतो. यंत्र टीपॉयवर न ठेवता डोक्यापेक्षा उंच फळीवर किंवा छताला लावावे. मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या घटनांनंतर पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात त्यांवर बंदी घातली होती. घरातला प्रमाणित प्रोजेक्टर तसा झोत फेकत नाही. पण निनावी, कोणतीही खूण नसलेले लेझर यंत्र घरात आणू नये.

घरात कोणाला फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधली लाल-निळी उघडझाप पाहून सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. चित्र जितके मोठे आणि खोली जितकी अंधारी, तितका हा धोका वाढतो. अंतर ठेवून बसावे आणि खोलीत मंद दिवा असू द्यावा.

मोठा पडदाही थकवतो

दादासाहेब फाळके यांनी १९११ मध्ये गिरगावात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहिला आणि त्यांना सिनेमाचा ध्यास लागला. रोज चार-पाच तास चित्रपट, उरलेल्या वेळात प्रयोग, झोप अपुरी. या काळात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आणि डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी व चष्म्यांनी ती सावरली, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आहे. दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पडदा पाहून कायमचे अंधत्व येते, असे आजचे वैद्यक मानत नाही. पण थकवा आणि कोरडेपणा खरे आहेत. टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होऊ शकते. उन्हाळ्यात कूलरचा वारा थेट तोंडावर घेऊन बसले की डोळ्यांची आग होणारच. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, कूलरची दिशा बदलावी. झोपेच्या वेळेआधी निदान तासभर यंत्र बंद करावे. परीक्षेच्या वर्षात झोप हाही अभ्यासाचाच भाग आहे.

भिंत काय सांगते?

प्रोजेक्टर मोबाइलची जागा घेऊ शकतो, अंगणाची नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, तर इतर मुलांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ होते. झाडाच्या सावलीतही घरातल्यापेक्षा कित्येक पट उजेड असतो आणि वाढत्या डोळ्याला तो लागतो. मुलाने रोज दोन तास बाहेर काढावेत. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नको, मग तो भिंतीवरचा का असेना.

आणखी एक गोष्ट प्रोजेक्टर फुकटात करतो. उणे २ नंबर असलेल्या मुलाला ५० सेंटिमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. त्यामुळे मोबाइलवर त्याला काहीच अडत नाही आणि घरात कोणाला शंका येत नाही. तीन मीटरवरच्या भिंतीवर मात्र तेच मूल चाचपडते. घरातल्या इतरांना स्वच्छ दिसत असताना एखादे मूल पुढे सरकत असेल, डोळे बारीक करत असेल, मान तिरकी करत असेल, तर प्रोजेक्टरचे फोकस फिरवत बसू नये. त्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन नंबर तपासून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी मूल गैरहजर राहणार नाही हेही पाहावे. फळ्यावरचे न दिसल्यामुळे मागे पडलेला विद्यार्थी कितीदा ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातो. त्याला आधी चष्मा लागतो, प्रोजेक्टर नंतर.