मठाच्या भिंतीअलीकडे, पलीकडे

जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चकडून टेकडी चढून वर आलं की जांभ्या दगडाचा उघडाबोडका मनोरा समोर येतो. सेंट ऑगस्टीनच्या मठाचं जवळपास एवढंच उरलंय. 1835 मध्ये गोव्यातले पुरुषांचे व्रतस्थ संघ सरकारी हुकमाने बंद झाले, मठ ओस पडला, 1842 मध्ये चर्चचं कमानदार छत ढासळलं आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा निम्मा भागही गेला. पलीकडेच सांता मोनिका हा धर्मभगिनींचा जुना मठ आहे. जाड भिंतींना बाहेरून दगडी टेकू दिलेले, किल्ल्याला द्यावेत तसे. त्या टेकूंपाशी उभं राहिलं की मला दरवेळी वाटतं, ज्यांनी संसार सोडला त्यांनी नेमकं काय सोडलं? व्रतं जवळपास सगळ्यांची सारखीच: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. भिंतीची जाडी मात्र प्रत्येक संघाने आपापली ठरवली.

सहाव्या शतकात इटलीत मोंते कासीनोला संत बेनेडिक्टने 73 प्रकरणांची नियमावली लिहिली. मला ती फार जवळची वाटते, कारण तिच्यात स्वयंपाकघर आहे. ज्याची आठवड्याची पाळी संपली त्याने शनिवारी टॉवेल धुवायचे, पाळी सोडणारा आणि नवी घेणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी घासून-पुसून, धडकी, कोठाऱ्याच्या हवाली करायची. आणि कोठाऱ्याने मठातली अवजारं-भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपायची. प्रपंच सोडून आलेल्या माणसाच्या हाती पुन्हा भांडीच आली. पण आता ती पूजेची झाली.

ब्रूनोने 1084 मध्ये आल्प्सच्या कुशीत उभा केलेला कार्थुसियन संघ याहून कडक. प्रत्येकाला वेगळं घर, मागे चिमुकली बाग. दाराशेजारी भिंतीत झडप असते. वाढणारा बाहेरून ताट ठेवतो, आतला उचलतो. दोघांची नजरभेटही होत नाही. गंमत म्हणजे याच मौनी संघाचा खर्च मुख्यतः 130 वनस्पतींच्या मद्यावर चालतो, आणि ते बाजारात विकलं जातं.

अस्सिसीच्या फ्रान्सिसने मात्र भिंतच नाकारली. कापड व्यापाऱ्याच्या या मुलाने बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत दिले. पैशाला हात लावायचा नाही, गावोगाव हिंडायचं. पुढे त्याच्याच संघात मालकी ठेवावी की नाही यावरून शंभर वर्षं भांडण पेटलं. दारिद्र्य सांभाळणं श्रीमंती सांभाळण्याइतकंच जिकिरीचं, हे तिथे दिसतं.

1540 मध्ये मान्यता मिळालेल्या जेझुइटांनी तर ठराविक वेळी एकत्र जमून करायच्या गायन-प्रार्थनेचं बंधनही ठेवलं नाही. जगात शिरणं हीच त्यांची साधना. म्हणून 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज थॉमस स्टीफन्स मराठी शिकला, ओवी शिकला, आणि 1616 मध्ये रायतूरला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. परक्या माणसाने आपल्या भाषेवर इतका जीव लावावा, याने आजही मन भरून येतं. पण रायतूर ज्या भागात येतं त्या साष्टीत त्याच्या येण्याआधी काही वर्षं देवळं पाडली गेली होती आणि त्याच्या संघाचे लोक त्या कारवाईच्या बाजूने होते. ओव्या वाचताना हे विसरता येत नाही, विसरू नयेच. जगात शिरलेल्याला जगातली सत्ताही चिकटते.

भिंत आणि सेवा यांचा मेळ एका मराठी बाईने अगदी जवळून पाहिला. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहिल्या. लंडनच्या फुलॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने वागवताना त्यांनी पाहिल्या आणि त्या पार हलून गेल्या. तरी भगिनींची हुकमत त्यांनी निमूट मानली नाही; धर्माच्या प्रश्नांवरून त्यांच्यातल्याच सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून कडक वाद चालला. तिथली सेवा त्यांनी घेतली, व्रत घेतलं नाही. आपल्या मुलीची, मनोरमेची, आई म्हणूनच त्या परतल्या, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार बायकामुली गोळा करून त्यांनी केडगावच्या माळावर आणल्या.