भयकथा वाचा, पण प्रश्न विचारत वाचा





दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. एक पालक भगिनी कार्यालयात आल्या. सातवीत शिकणारी त्यांची मुलगी चार रात्री नीट झोपली नव्हती. खोलीतला दिवा मालवू देत नव्हती, काही विचारले की रडत होती. खोदून विचारल्यावर कारण कळले. मोबाइलवर तिला एक गोष्ट आली होती. शाळेतल्या एका मुलीला मैत्रिणींनी चेष्टेत ढकलले आणि ती मेली, अशी ती गोष्ट. खाली शेवटची ओळ होती : हा निरोप दहा जणांना पाठवला नाहीस, तर आज रात्री ती तुझ्याकडे येईल.

मुलीने घाबरून तो निरोप दहा जणांना पाठवला. त्यातला एक मावशीच्या मोबाइलवर गेला आणि तो मोबाइल आठ वर्षांच्या मावसबहिणीच्या हातात असतो. आता आपल्या मुलीला स्वतःची भीती नव्हती. "आई, ती आता धाकटीकडे जाईल आणि ते माझ्यामुळे होईल," हे तिचे दुःख होते.

मी दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी असल्या गोष्टी वाचू नयेत म्हणून सर्वांना कडक शब्दांत बजावले. परिणाम असा झाला, की मधल्या सुट्टीपर्यंत ज्यांनी ती गोष्ट ऐकलीही नव्हती ते इतरांकडे मागू लागले. ही माझी चूक होती, हे मान्य करते. आमच्या मराठीच्या शिक्षिकांनी तेव्हा एक वेगळी सूचना केली : "मॅडम, मुले वाचणारच आहेत, तर आपल्यासमोर वाचू देत." तेव्हापासून दर शनिवारी शेवटच्या तासाला आठवी ते दहावीचे नऊ विद्यार्थी ग्रंथालयात बसून इंटरनेटवरच्या हौशी भयकथा मोठ्याने वाचतात आणि त्यांची चिरफाड करतात. त्यातून मी जे शिकले, ते येथे मांडते.

या कथा आहेत तरी काय?

या कथांना इंग्रजीत 'क्रीपीपास्ता' म्हणतात. इंटरनेटवर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी चिकटवल्या जाणाऱ्या मजकुराला 'कॉपी-पेस्ट'वरून गमतीने 'कॉपीपास्ता' हे नाव पडले होते. त्यात 'क्रीपी', म्हणजे अंगावर काटा आणणारे, हा शब्द मिसळून हे नाव तयार झाले. लिहिणारे बहुतेक हौशी, पुष्कळदा निनावी. त्यामुळे कथा फिरत राहते आणि लेखक मागे राहतो.

सुरुवातीच्या अशा कथांत 'टेड द केव्हर'चे नाव घेतले जाते. २००१ साली ती रोजनिशीच्या रूपात, तारखा आणि छायाचित्रांसह प्रसिद्ध होऊ लागली. टेड नावाचा माणूस गुहेतल्या एका अरुंद फटीतून पुढे जाण्याचा प्रयत्न करतो. शेवटच्या नोंदीत तो पुन्हा गुहेत जाण्याचे ठरवतो आणि त्यानंतर रोजनिशीत एकही नोंद नाही. बस, इतकेच. या कथेला गुहेतल्या खऱ्या भटकंतीचा आधार होता. अघटित भाग तेवढा कल्पनेतला.

जून २००९ मध्ये अमेरिकेत एरिक नडसन यांनी 'स्लेंडर मॅन' तयार केला. साध्या छायाचित्रात बदल करून ती भुताटकीची भासतील अशी करण्याची एक चढाओढ चालू होती. त्यासाठी त्यांनी दोन कृष्णधवल छायाचित्रे केली. त्यांत मुले आहेत आणि मागे एक उंच, सडपातळ, चेहरा नसलेला माणूस उभा आहे. त्याच वर्षी क्रिस स्ट्रॉब यांनी 'कँडल कोव्ह' लिहिली. तिच्याकडे पुढे येतेच.

भीती का वाटते?

पहिले कारण हे, की या कथा आपण कथा आहोत असे सांगतच नाहीत. 'हे माझ्याबाबतीत घडले आहे' अशी सुरुवात असते. काही ठिकाणी तर वाचकांनीही कथा खरी मानूनच बोलावे असा नियम असतो. दुसरे कारण, पुस्तकाला मुखपृष्ठ असते, लेखकाचे नाव असते, किंमतही छापलेली असते, त्यामुळे ते माणसाने लिहिले आहे हे विसरता येत नाही. मोबाइलवर मात्र मैत्रिणीचा 'उद्या गणिताची वही आण' हा निरोप आणि भुताचा निरोप एकाखाली एक येतात. तिसरे कारण, या कथा बहुधा रात्री, पांघरुणात, एकट्याने वाचल्या जातात.

मोठ्यांनी यावर हसू नये. आमच्या लहानपणी पोस्टकार्डे येत. देवाचे नाव वर, आणि खाली 'अशीच इतकी पत्रे लिहून पाठवा; एकाने पाठवली, त्याला धनलाभ झाला; एकाने फाडले, त्याचे नुकसान झाले.' माझी आई चांगली शिकलेली होती. तरीही वडिलांच्या नकळत तिने ती पत्रे लिहून टाकली होती. मोबाइलवरच्या त्या निरोपाची आजी म्हणजे ते पोस्टकार्ड.

विक्रम राजाची रीत

आपल्या माळव्याला भीती आणि प्रश्न यांची जोडी नवी नाही. उज्जैनच्या विक्रमाच्या नावाने सांगितली जाणारी वेताळपंचविशी आठवा. रात्र, स्मशान आणि राजाच्या खांद्यावर प्रेत. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी विचारतो, "सांग राजा, दोष कोणाचा?" राजा प्रेत टाकून पळत नाही आणि कानही झाकत नाही. तो गोष्ट पूर्ण ऐकतो आणि विचार करून उत्तर देतो. आमचा शनिवारचा तास हेच करतो.

मुलांनी कथेला विचारायचे प्रश्न हळूहळू स्वतःच ठरवले. गोष्ट कोण सांगतो आहे आणि त्याला हे कसे कळले? पात्रे शहाण्या माणसासारखी वागतात का, की केवळ मरण्यासाठी तळघरात उतरतात? भीती वातावरणातून येते की नुसत्या रक्तातून? शेवट आधीच्या गोष्टीतून निघतो की वरून चिकटवलेला आहे?

'जेफ द किलर' ही मुलांमध्ये फार गाजलेली कथा आम्ही याच प्रश्नांवर तपासली. भाजल्यानंतर जेफचा चेहरा गुळगुळीत पांढरा होतो आणि पुढे तो स्वतःच्या पापण्या जाळून टाकतो. दहावीची एक मुलगी म्हणाली, "भाजलेली कातडी अशी होत नाही. आणि पापण्या नसतील तर डोळे कोरडे पडून त्याला दिसेनासे होईल. मग हा रात्री लोकांची घरे कशी शोधतो?" सगळे हसले. ज्या चित्राने कित्येकांची झोप उडवली होती, ते त्या हसण्यात लहान झाले.

याउलट 'कँडल कोव्ह' वाचल्यावर कोणी हसले नाही. काही मोठी माणसे लहानपणी पाहिलेल्या एका बाहुल्यांच्या दूरदर्शन कार्यक्रमाच्या आठवणी काढतात. तपशील जुळत जातात, विचित्र होत जातात. शेवटी एकजण सांगतो, की मी आईला त्या कार्यक्रमाबद्दल विचारले. ती म्हणाली, तू तर अर्धा तास नुसत्या मुंग्या आलेल्या पडद्याकडे पाहत बसायचास. संपूर्ण कथेत रक्ताचा थेंब सांडत नाही. भीती आईच्या एका साध्या वाक्यात आहे. चांगले लेखन कशाला म्हणावे, याचा दहा व्याख्यानांत होणार नाही इतका बोध मुलांना त्या तासात झाला.

आणखी एक लाभ अनपेक्षित होता. कथा इंग्रजीत किंवा हिंदीत असतात, त्या मुले मराठीत करून सांगतात. मराठीत आणताना कच्चे वाक्य लगेच उघडे पडते. 'भयानक', 'अतिभयानक', 'कल्पनेपलीकडचे भयानक' असे तीनदा म्हणावे लागले, की मुलेच विचारतात, "पण दिसले काय ते सांग ना!"

मित्राच्या कथेवर बोलताना

पुढे मुले स्वतः लिहू लागली. नववीतल्या एका मुलाच्या पहिल्या कथेत बर्फाळ जंगल होते, लाकडी घर होते आणि नायकाचे नाव जॅक होते. मित्र म्हणाले, "तू इंदूरला राहतोस. बर्फ पाहिला आहेस का?" तो रुसला, दोन शनिवार आला नाही. तेव्हा मुलांनी नियम केले : आधी काय आवडले ते सांगायचे, वाक्यावर बोलायचे पण लिहिणाऱ्यावर नाही, आणि 'वाईट आहे' असे म्हणणाऱ्याने कोठे व का हे सांगायचे. आणखी एक नियम, कोणालाही 'बस' म्हणता येईल, त्याचे कारण विचारायचे नाही.

तिसऱ्या शनिवारी तो नवी कथा घेऊन आला. देवासला एकटी राहणारी आजी. नातू सुट्टीत जातो. आजी रोज संध्याकाळी तीन कप चहा करते. दोन या दोघांचे. तिसरा ती माडीच्या जिन्यावर ठेवते आणि सकाळी तो कप विसळलेला असतो. वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. मग एकाने हळूच म्हटले, "शेवटच्या दोन ओळी काढ. कपावरच थांब." त्याने काढल्या. कथा सुधारली.

परदेशातल्या हौशी लेखकांमध्येही ही रीत आहे. २००७ साली एका छोट्या कथेपासून सुरू झालेल्या 'एससीपी फाउंडेशन' या सामूहिक लेखनात वाचक प्रत्येक कथेवर मत देतात, आणि फार खाली गेलेली कथा काढून टाकली जाते.

पालकांसाठी दोन शब्द

३१ मे २०१४ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच वयाच्या मैत्रिणीला जंगलात नेऊन चाकूने १९ वार केले. स्लेंडर मॅन खरा आहे आणि त्याला संतुष्ट केले नाही तर तो आपल्या घरच्यांना मारील, अशी त्यांची समजूत होती. ती मैत्रीण कशीबशी रस्त्यापर्यंत आली, एका सायकलस्वाराने तिला पाहिले आणि ती वाचली. हल्ला करणाऱ्या एका मुलीला गंभीर मानसिक आजार होता. न्यायालयाने दोघींनाही मानसिक रुग्णालयात पाठवले.

असे क्वचितच घडते आणि कथा वाचणारी लक्षावधी मुले असे काही करीत नाहीत. म्हणून घाबरून मोबाइल हिसकावू नका. पण मूल अनेक दिवस झोपत नसेल, गोष्टीतल्या पात्राला खरे मानून त्याच्या आज्ञेविषयी बोलत असेल, तर रागावू नका, तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्या. एरवी एकच करा. मूल काय वाचते ते त्याच्याकडून मोठ्याने ऐका. दिवसा ऐका.

आणि चांगले लेखनही त्याच्या हाती द्या. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मला लग्नानंतर सासूबाईंच्या कपाटात भेटले. दोघांची पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत. विश्वस्त मंडळाने आणखी काही प्रती दिल्यास मोठ्या वर्गांना त्यांचा उपयोग होईल.

शेवटी त्या सातवीच्या मुलीविषयी. तिला आम्ही एका शनिवारी, आईला विचारून, बोलावले. ती कोपऱ्यात बसली. मोठ्या मुलांनी तोच निरोप वाचला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सगळ्यांना तिनेच मारले आणि कोणी वाचलेच नाही, तर हे लिहिले कोणी?"

कोणालाच उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी तिने आईचा मोबाइल मागून घेतला आणि दहाही जणांना निरोप पाठवला : ती गोष्ट कोणीतरी बनवलेली आहे, पुढे पाठवू नका. पहिला निरोप मावशीला गेला.

आपली,
प्राचार्या