डाव्या कोपऱ्याचा मास्तर

कबड्डीत बोनस घेताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत असावा लागतो, नाहीतर गुण नाही. म्हणजे क्षणभर तो एकाच पायावर उभा असतो. डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने झेपावायचं ते याच क्षणी आणि याच पायाच्या घोट्यावर. घाई झाली तर गडी पाय काढून घेतो आणि वर स्पर्शाचा गुणही नेतो. उशीर झाला तर तो मध्यरेषेकडे वळलेला असतो. आणि घोटा हातात आला तरी काम अर्धंच झालं. शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच दमात कमरेवर जाऊन आदळायला हवं, कारण एकट्याच्या हातात ८५ किलोचा गडी फार वेळ थांबत नाही.

हे टायमिंग उपजत असतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. ते कुणीतरी रोज संध्याकाळी घोटवून घेतलेलं असतं, आणि व्यावसायिक संघात त्या माणसाचा हुद्दा असतो सहायक प्रशिक्षक.

पण त्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. ठाण्याजवळचा दिवा, दातिवली, आगासन, बेतवडे हा मूळचा आगरी-कोळी गावांचा पट्टाच घ्या. इथे कबड्डी शिकवावी लागत नाही, असं जुनी मंडळी अभिमानाने सांगतात. खाडीकाठच्या शेतांवर चाळी आणि इमारती चढल्या, मोकळं मैदान मिळणं मुश्कील झालं, तरी प्रकाशझोतातल्या स्पर्धा म्हटल्या की गर्दी होतेच. बक्षिसं ठरलेली: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, मालिकावीर. प्रशिक्षकाला फार तर शाल-श्रीफळ. शेजारच्या कल्याणचा गिरीश एर्नाक डाव्या कोपऱ्यातूनच भारतीय संघात पोहोचला. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो होता. या भागातल्या पोरांना त्याचं नाव माहीत असतं. त्याला कोपरा कुणी शिकवला, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये (चेंडू हातात घेऊन धावायचा तो फुटबॉल) एकेका जागेसाठी वेगळा प्रशिक्षक ही गोष्ट टोकाला गेलेली दिसते. तिथे आक्रमणाच्या फळीत पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात. मधला चेंडू मागे देतो, तेवढाच काय तो त्यांचा चेंडूशी संबंध. एरवी समोरच्याला थोपवून आपल्या सूत्रधाराला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. या पाच जणांसाठी एक स्वतंत्र प्रशिक्षक आणि बहुतेक वेळा त्याच्या हाताखाली आणखी एक सहायक! वाट ठरलेली: आधी महाविद्यालयीन संघात किरकोळ पगारावर उमेदवारी, मग चित्रफिती कापण्याचं काम, मग कधीतरी सहायकपद. मुख्य प्रशिक्षकाची उचलबांगडी झाली की बरेचदा त्याच्यासोबत हेही रस्त्यावर.

आपल्याकडे कबड्डीत स्वतंत्र बचाव-प्रशिक्षक ही चैन अजून रुळलेली नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तोवर खेळाडूचं आयुष्य रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्र, एअर इंडिया यांच्या संघांभोवती फिरत असे. गुडघा कुरकुरायला लागला की तिशीत खेळ थांबायचा, उरायची ती नोकरी. प्रशिक्षणाची हौस असलेला पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका करून यायचा आणि ड्यूटी संपल्यावर गावातली पोरं हाताशी धरायचा. लीगने या वाटेला एक फाटा फोडला. यू मुंबाच्या २०१५च्या विजेत्या संघातला मध्यरक्षक जीवा कुमार पुढे त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. बचाव करणाऱ्याने बचाव शिकवावा, हे साधं शहाणपण. पण त्यासाठी पगारी जागा असावी लागते.

पैशाचं गणित मात्र विचित्र आहे. २०१४च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. चारच वर्षांनी कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो एका कोपरारक्षकाने, इराणच्या फझल अत्राचलीने. पकडीला किंमत आली ती अशी. प्रशिक्षकाचा लिलाव होत नाही. त्याचा करार बंद दाराआड होतो आणि संघ तळाला गेला की तसाच संपतो.

आणि ज्ञान? त्याला सरहद्द नसते, हे २०१८ साली आपण फार महागात शिकलो. जकार्तात भारताच्या महिला अंतिम फेरीत इराणकडून २७-२४ अशा हरल्या. त्या इराणी मुलींची प्रशिक्षक होती आपल्याच नाशिकची शैलजा जैन. पुरुषांचा संघ त्याआधीच उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा गारद झाला होता, आणि तो प्रामुख्याने इराणच्या पकडींपुढे. दोष खेळाडूंना देऊन आपण मोकळे झालो. इराणच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक होते घोलामरेझा माझंदरानी. त्याच वर्षीच्या प्रो कबड्डीत ते मुंबईच्या बाकावर होते, यू मुंबाचे प्रशिक्षक म्हणून.