मोटारीचा मिस्त्री आणि विश्वासाची पत

व्यापारी मनुष्याला आयुष्यात जी माणसे विशेष पारखून घ्यावी लागतात, त्यांत मुनीम, दलाल, अडत्या आणि वैद्य अशा चौघांची गणना आमचे वडीलधारे करीत असत. आज त्या यादीत पाचवे नाव घालणे अवश्य झाले आहे. ते म्हणजे मोटारीच्या मिस्त्र्याचे. मुनीम चुकला तर वही तपासता येते, दलाल फसवू लागला तर दुसऱ्या पेठेतून भाव मागवता येतो. परंतु गाडीचे बॉनेट उघडून मिस्त्री जेव्हा गंभीर चेहऱ्याने मान हलवतो, तेव्हा भल्याभल्या हिशेबी माणसाची मती गुंग होते. आम्हीही त्याच पंक्तीतले. म्हणूनच स्वतःला बसलेल्या ठेचेचा उपयोग बंधुभगिनींना व्हावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

पूर्वीची गोष्ट निराळी होती. बेळगावच्या पेठेत ज्यांच्या दारी मोटार उभी असे, ती बहुधा अँबॅसडर असे, नाहीतर फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि पुढे मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या. या गाड्यांचे यंत्र उघड्या वहीसारखे होते. कार्ब्युरेटर, प्लग, कॉइल, पॉइंट एवढे ज्याला समजले, त्याला निम्मी मोटार समजली. ड्रायव्हरच्या आसनाखाली पाने व पक्कड असे आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून दुरुस्ती होताना मालक ती डोळ्यांनी पाहू शके. जे दिसते, त्यात लबाडीला जागा थोडी.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. नंतरच्या काळात कार्ब्युरेटर जाऊन इंधन मोजून देणारी विजेरी यंत्रणा आली. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर तर नव्या गाडीचे इंजिन अनेक सेन्सरांच्या पहाऱ्यात चालू लागले. गाडी अधिक भरवशाची झाली यात संशय नाही. परंतु तिचे दुखणे मात्र मालकाच्या नजरेआड गेले. आता मिस्त्री एक यंत्र जोडतो, पडद्यावर एक सांकेतिक आकडा उमटतो आणि आपण त्यापुढे मान तुकवतो.

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. आमच्या घरचे जुने मिस्त्री दृष्टी अधू झाल्यामुळे काम सोडून गावी गेले. २०१९ सालच्या उन्हाळ्यात आमच्या गाडीला एक विकार जडला. सिग्नलला उभी राहिली की ती थरथरे, कधी बंदही पडे, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागे. आम्ही ती एका मोठ्या, थंडगार दिवाणखान्याच्या वर्कशॉपात नेली. तेथे यंत्र लावण्यात आले व इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याचे निदान निघाले. प्रथम सेन्सर बदलला, मग प्लग बदलले, अखेरीस पेट्रोलचा पंप बदलला. तीन खेपांत बिल वीस हजारांच्या वर गेले आणि गाडी चौथ्या दिवशी पुन्हा थरथरू लागली. जुने भाग मागितले, तेव्हा ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

शेवटी एका स्नेह्याने खडेबाजारापलीकडच्या एका बोळातील मिस्त्र्याचे नाव सुचवले. जागा जेमतेम दोन गाड्यांची. परंतु पाने भिंतीवर ओळीने टांगलेले. त्याने प्रथम यंत्र लावले नाही. गाडी चालू ठेवून तो दोन मिनिटे नुसता ऐकत उभा राहिला, मग हात घालून इंजिनाकडे हवा नेणारी एक रबरी नळी बाहेर काढली. तिला करंगळीच्या नखाएवढी चीर होती. त्या चिरेतून जादा हवा आत शिरत होती, म्हणून पेट्रोल कमी पडल्याचे यंत्र सांगत होते. यंत्र खोटे बोलत नव्हते. फक्त यंत्र लक्षण सांगते, कारण माणसाला शोधावे लागते, एवढेच पहिल्या वर्कशॉपात कोणी ध्यानी घेतले नव्हते. नळी व मजुरी मिळून साडेचारशे रुपये झाले. जुनी नळी त्याने कागदात गुंडाळून आमच्या हाती दिली.

निघताना तो म्हणाला, "अण्णा, ब्रेक ऑईल पार काळं पडलंय. किती वर्षं बदललं नाही? पावसाळ्याआधी बदलून घ्या."

येथेच आमची मती फिरली. ज्याने नुकतेच आमचे हजारो रुपये वाचवले होते, त्याच्याविषयी आमच्या मनात विचार आला, 'आता हाही आपले दुकान मांडू लागला.' वरकरणी हसून आम्ही म्हटले, "मिस्त्री, पुढच्या खेपेला पाहू." तो काही बोलला नाही.

महिन्याभराने फोंड्यास एका लग्नाला जाण्यासाठी आम्ही सहकुटुंब निघालो. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाटाची उतरण लागली. पावसाची झड होती, धुके होते, त्यामुळे ब्रेकवर पाय जवळजवळ ठेवूनच आम्ही उतरत होतो. एका वळणाअगोदर पाय दाबला, तो ब्रेकचे पेडल लोण्यात सुरी जावी तसे थेट खाली गेले. मागच्या आसनावर आमच्या मातोश्री आणि दोन नातवंडे होती. गाडी खालच्या गिअरात घालून, हँडब्रेक हळूहळू ओढून आम्ही ती डोंगराच्या बाजूच्या चरीला नेऊन टेकवली. कोणास इजा झाली नाही. परंतु ते काही क्षण आजही आठवले की तळहाताला घाम फुटतो.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट लागू लागले. अशा वेळी अनेकजण 'झाले ठीक' म्हणून निघतात व पुढच्या उतारावर फसतात. आम्ही पहिल्या गिअरात, पावलाच्या गतीने केरीपर्यंत उतरलो आणि साखळीस पोहोचून ब्रेक ऑईल बदलल्यावाचून पुढे गेलो नाही.

यामागील कारण प्रत्येक मोटारमालकाने समजून घेण्यासारखे आहे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. सर्रास वापरात असलेल्या डॉट ४ या प्रतीचे ताजे ऑईल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. परंतु पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने उष्णता वाढते, ऑईल उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते व पेडल घट्ट लागते. दोष मात्र तसाच राहतो. म्हणूनच साधारण दोन वर्षांनी हे ऑईल बदलण्याची शिफारस बहुतेक ठिकाणी केलेली असते, आणि घाट उतरताना ब्रेकपेक्षा खालच्या गिअरावर भिस्त ठेवावी, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

परत आल्यावर आम्ही मिस्त्र्याकडे गेलो व झाला प्रकार सांगितला. आम्हांस वाटले, तो म्हणेल, 'मी सांगितले होते.' तो म्हणाला, "अण्णा, त्या दिवशी मी आणखी एकदा बोलायला पाहिजे होतं. पण गिऱ्हाइकाला वाटतं, हा बिल वाढवतोय. म्हणून गप्प बसलो."

या उत्तराने आम्हांस जे शिकवले, ते वीस हजारांच्या बिलानेही शिकवले नव्हते. लबाडाने केलेले नुकसान केवळ पैशाचे नसते. तो आपल्या मनातील विश्वासाचे भांडवलच खाऊन टाकतो. मग खरे बोलणाऱ्याचे बोलणेही आपल्याला खोटे वाटते आणि खरे बोलणारा बोलायचे सोडून देतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर निबंध लिहून हेच दाखवले. ज्या बाजारात विकणाऱ्याला सर्व ठाऊक असते व घेणाऱ्याला काहीच कळत नाही, तेथे चांगला माल हळूहळू मागे हटतो. पुढे २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा एक वाटा त्यांना मिळाला. आपल्या पेठेला हे तत्त्व नवे नाही. फक्त गॅरेजात गेल्यावर आपण ते विसरतो.

तेव्हा चांगला मिस्त्री ओळखावा कसा? आमच्या अनुभवातून काही कसोट्या निघाल्या आहेत. पहिली ही की, गाडी अडून पडण्यापूर्वीच मिस्त्री शोधावा. अडलेल्या गिऱ्हाइकाला भाव करता येत नाही, हे आपल्याहून कोणास अधिक ठाऊक? प्रथम ऑईल बदलणे, ब्रेक साफ करणे असे लहान काम द्यावे व काम कसे होते ते पाहावे. दुसरी, तो भाग बदलण्याआधी निदान सांगतो काय? 'हे बदलून पाहू' म्हणणाऱ्यापेक्षा 'हे तपासून सांगतो' म्हणणारा बरा. तपासणीची मजुरी मागितली तर ती आनंदाने द्यावी. ती न दिल्यास तो बिचारा भाग विकूनच पोट भरणार. तिसरी, खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा आणि त्याबाहेरचे काम निघाल्यास आधी फोन करण्यास सांगावे. चौथी, काढलेले जुने भाग परत मागावेत व नव्या भागाचे वेष्टन पाहावे. डुप्लिकेट माल त्याच रंगाच्या खोक्यातून येतो. पाचवी आणि सर्वांत मोठी, 'याला आत्ता हात लावण्याची गरज नाही' हे वाक्य ज्याच्या तोंडून कधीतरी ऐकू येते, तो मिस्त्री सोडू नये.

मालकाचीही काही कर्तव्ये आहेत. गाडीबरोबर मिळणारे पुस्तक आपण बहुधा उघडतही नाही. कोणते ऑईल, किती किलोमीटरनंतर, हे सर्व त्यात छापलेले असते. हमीची मुदत असेतोवर अधिकृत केंद्रात जाणे श्रेयस्कर. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर व खर्च एका वहीत लिहावा. पेढीचा पै-पैचा हिशेब ठेवणारे आपण, मोटारीचा मात्र तोंडी ठेवतो!

कायद्याचे पाठबळही आता आहे. सुटे भाग व दुरुस्तीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपन्या अपिलातही गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले व त्यात मोटारींचाही समावेश आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे. तथापि पक्के बिल हाती नसेल, तर या सर्वांचा उपयोग थोडा.

जाता जाता एक विनंती. आपल्या संघाच्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. कोणत्या सभासदाने कोणते काम कोठे केले, खर्च किती आला आणि सहा महिन्यांत तोच दोष पुन्हा उद्भवला काय, एवढेच तीत लिहावे. निंदेसाठी नव्हे, तर चांगल्या कारागिराला चांगले गिऱ्हाईक मिळावे म्हणून.

आणि शेवटी स्वतःकडेही पाहावे. मिस्त्र्यापुढे आपण जसे अजाण उभे राहतो, तसेच आपल्या गादीपुढे गिऱ्हाईक उभे असते. सोन्याचा कस, कापडाचा पोत, धान्याची प्रत यांतले त्याला किती कळते? ते आपल्या चेहऱ्याकडे पाहते व पैसे मोजते. त्या बोळातील मिस्त्र्याने कागदात गुंडाळून दिलेली फाटकी नळी आम्ही अद्याप पेढीच्या खणात जपून ठेवली आहे. खण उघडला की ती दिसते.